तारखा छापून सुटका नाही

20 ऑगस्टचं कुठलंही मराठी वर्तमानपत्र घ्या आणि आतलं पान उघडा. बहुतेक ठिकाणी एका कडेला ‘दिनविशेष’ची चौकट सापडेल. 1828 : राजा राममोहन रॉय यांच्याकडून ब्राह्मो समाजाची स्थापना. 1897 : डासाच्या पोटात मलेरियाच्या परजीवीचा शोध. 1944 : राजीव गांधी यांचा जन्म. 1977 : व्हॉयेजर 2 यानाचं उड्डाण. 2013 : डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या. या चौकटीखाली बोटभर अंतरावर बारा राशींचं भविष्य असतं. शेजारी ‘जरा हटके’ छापाचं सदर असतं. कुठे मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आलेलं असतं, तर कुठे एखाद्या बाबानं फुंकर घालून जुनाट आजार घालवलेला असतो.

पान लावणाऱ्याला यात काही खटकत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. मला मात्र खटकतं, आणि दरवर्षी जास्त खटकतं. ज्या माणसांनी ‘तपासून पाहा’ म्हणत आयुष्य घालवलं, त्यांची नावं वर छापायची आणि तपासायची गरजच नाही असं रोज सांगणारा मजकूर खाली छापायचा, याला मी अप्रामाणिकपणा म्हणतो. दिनविशेष ही आपल्याकडे विसरण्याची रीतसर सोय झाली आहे. वर्षातून एकदा नाव छापलं, फोटोला हार घातला, स्टेटसला एक चित्र लावलं, की उरलेलं वर्ष त्या माणसाच्या कामाशी संबंध ठेवायला नको. म्हणून आज या एकाच तारखेची उलटतपासणी करतो.

सुरुवात डासापासून. 1897 सालच्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर सिकंदराबादेत बेगमपेठच्या एका लहानशा जागेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. हवा कोंदट, आणि पंखा हलवावा तर फाडून ठेवलेले डास उडून जाणार. कपाळावरच्या घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला त्यानं डास चावून घ्यायला तयार केलं होतं आणि दर डासामागे एक आणा ठरवला होता. 20 ऑगस्टला, चावलेल्या डासांपैकी जे थोडे हाताशी उरले होते त्यांतला एक त्यानं फाडला आणि त्याच्या जठराच्या भिंतीत त्याला रंगकण असलेल्या गोल पेशी दिसल्या. मलेरिया दलदलीच्या दूषित हवेतून येतो, ही शतकानुशतकांची समजूत त्या दिवशी मोडायला लागली. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्यानं परजीवीचा डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा प्रवास दाखवला. 1902 मध्ये त्याला नोबेल मिळालं. हुसेन खानला त्याचे आणे मिळाले, आणि आपल्या चौकटीत त्याचं नाव कधीच येत नाही.

या शोधाचा व्यवहारातला अर्थ एका वाक्याचा आहे. रोग डासातून येतो, डास पाण्यातून येतो, तेव्हा पाण्याकडे बघा. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे आपल्याला माहीत आहे. आणि आपण काय करतो? पावसाळा सुरू झाला, तापाचे रुग्ण वाढले, की गल्लीत धुराचं मशीन येतं. पुढे कार्यकर्ता, मागे मशीनवाला, मध्ये नगरसेवकाच्या नावाचा फलक. पांढरा धूर होतो, पोरं त्यामागे धावतात, फोटो निघतो आणि तो दुसऱ्या दिवशी छापूनही येतो. त्या धुरानं फार तर त्या क्षणी उडणारे डास मरतात. गच्चीवरच्या उघड्या टाकीत, बांधकामाच्या खड्ड्यात, पत्र्यावर टाकलेल्या टायरात वळवळणाऱ्या अळ्यांना त्याचं काही होत नाही. आठवड्याच्या आत त्या अळ्यांचे डास होतात. आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करून कोरडी करा, असं आरोग्य कर्मचारी दारोदार सांगतात. त्याला ‘कोरडा दिवस’ म्हणतात. त्याचा फोटो चांगला येत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

महाराष्ट्रात मलेरिया म्हटलं की आजही पहिलं नाव गडचिरोलीचं येतं. जंगलातल्या पाड्यावर पावसाळ्यात रस्ता तुटतो, रक्ताचा नमुना वेळेवर तपासला जात नाही, औषधी मच्छरदाणी असते तर असते. 20 ऑगस्टला रॉसचं नाव छापणाऱ्या किती संपादकांनी त्याच पानावर गडचिरोलीचे या वर्षीचे आकडे छापले? सरकारी यंत्रणेकडे ते असतात, मागितले तर मिळतात. पण मागायला बातमीदार लागतो, आणि दिनविशेषला जुनी फाईल पुरते.

दुसरी ओळ व्हॉयेजरची. ही ओळ आपल्याला फार आवडते, कारण तिच्यात आपला हिस्सा आहे. 20 ऑगस्ट 1977 ला केप कॅनाव्हरलहून निघालेल्या व्हॉयेजर 2 वर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. दोन आठवड्यांनी निघालेल्या व्हॉयेजर 1 वरही तशीच आहे. तिच्यात पंचावन्न भाषांतून अभिवादनं आहेत आणि त्यांत मराठी आहे. तिच्यात सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या या बाईंचा आवाज आज सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर जाऊन पोचला आहे. ऊर भरून यावा अशीच ही गोष्ट आहे, आणि माझाही येतो.

पण दरवर्षी फिरणाऱ्या त्या संदेशांमध्ये एवढंच असतं. मराठी अंतराळात गेली, भैरवी ताऱ्यांकडे निघाली, अभिमान बाळगा, पुढे पाठवा. ते यान तिथवर पोचलं कसं, याबद्दल एक ओळ नसते. त्या यानानं 1979 मध्ये गुरू, 1981 मध्ये शनी, 1986 मध्ये युरेनस आणि 1989 मध्ये नेपच्यून जवळून पाहिला. शेवटच्या दोन ग्रहांपाशी दुसरं कुठलंही यान आजवर गेलेलं नाही. जुलै 2023 मध्ये पृथ्वीवरून एक चुकीची आज्ञा गेली आणि यानाचा अँटेना पृथ्वीपासून फक्त दोन अंशांनी वळला. संपर्क तुटला. तेव्हा यान इतकं लांब होतं की प्रकाशाच्या वेगानं जाणाऱ्या संदेशालाही तिथे पोचायला साडेअठरा तास लागत होते. नासानं चूक लपवली नाही. कोणती आज्ञा चुकली, अँटेना किती वळला, पुढे काय करणार, हे जाहीर सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेऱ्याच्या अँटेनावरून जास्त ताकदीचा संदेश सोडला, सदतीस तास उत्तराची वाट पाहिली, आणि 4 ऑगस्टला यान पुन्हा बोलू लागलं.

चूक झाली हे कबूल करणं, ती मोजणं आणि दुरुस्त करणं, याला विज्ञान म्हणतात. त्या यानाच्या गोष्टीत घेण्यासारखं हेच आहे आणि आपण नेमकं हेच सोडतो. आपल्याकडे पूल पडला तर अहवाल यायला वर्षं लागतात, आला तर तो कपाटात जातो. इस्पितळातला अतिदक्षता विभाग जळतो, चौकशी समिती नेमल्याची बातमी होते, समितीनं काय म्हटलं याची होत नाही. आणि केसरबाईंचा अभिमान? त्यांचं ते ध्वनिमुद्रण सगळं मिळून साडेतीन मिनिटांचं आहे आणि आज फोनवर सहज मिळतं. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते एकदा शेवटपर्यंत ऐकलं? न ऐकता अभिमान बाळगणारा समाज न तपासता विश्वासही ठेवतो. सवय एकच आहे.

त्या सवयीचा पुरावा याच तारखेला सापडतो, आणि तो कुठल्याही दिनविशेषमध्ये नसतो. 2006 सालचा ऑगस्ट आठवा. 18 तारखेला मुंबईत बातमी पसरली की माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं. माणसं किनाऱ्यावर धावली, ते पाणी प्यायली, बाटल्यांत भरून घरी नेलं, लहान मुलांना पाजलं. माहीमची खाडी म्हणजे मिठी नदीचं मुख. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण घेऊन ती तिथे समुद्राला मिळते. पावसाळ्यात नदीचं पाणी वाढतं तेव्हा किनाऱ्याजवळचा खारटपणा कमी होतो, त्यात अघटित काही नाही. पिऊ नका, असं प्रशासनाला ओरडून सांगावं लागलं. आणि लगेच 20 आणि 21 ऑगस्टला देशात ठिकठिकाणी मूर्ती दूध पिऊ लागल्या. 21 सप्टेंबर 1995 ला जे घडलं, त्याची ही उजळणी.

1995 मध्येच याचं उत्तर मिळालं होतं. चमच्यातलं दूध मूर्तीच्या ओठाला टेकवलं की पृष्ठताणामुळे ते वर ओढलं जातं आणि दगडावरून पातळ थर होऊन खाली वाहतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही. सरकारच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ सगळ्यांना दिसला. चमचा आणि चिमूटभर रंग एवढंच साहित्य त्याला पुरलं. हे कुणीही स्वयंपाकघरात करून पाहू शकतो. तरी अकरा वर्षांनी पुन्हा रांगा लागल्या, कारण मधल्या काळात वाहिन्यांनी रांग दाखवली होती आणि रंग टाकलेलं दूध दाखवलं नव्हतं. दाखवलं असलंच तर ते रात्री उशिरा, घाईघाईत. चमत्काराची बातमी पहिल्या पानावर आणि तिचं उत्तर आतल्या पानाच्या तळाला, हे मी या धंद्यात इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याला अनवधान म्हणायला मी तयार नाही. ही ठरवून केलेली वाटणी आहे.

आता राशिभविष्य. डेस्कवर काम केलेल्या कुणालाही विचारा. मी ज्या कचेरीत हे पाहिलं तिचं नाव घेत नाही, कारण ती एकटी नाही. पान सोडायची वेळ झाली होती आणि ज्योतिष्याचा मजकूर आला नव्हता. उपसंपादकानं मागच्या वर्षीची फाईल उघडली, सिंहेचा मजकूर तुळेला लावला, कन्येचा मकरेला, ‘प्रवासाचे योग’ काढून ‘आप्तांची भेट’ टाकलं आणि पाच मिनिटांत पान छपाईला गेलं. दुसऱ्या दिवशी एकाही वाचकाची तक्रार आली नाही. पण त्याच मजकुराच्या भरवशावर कुणी मुलीचं स्थळ मोडतं, कुणी शस्त्रक्रिया पुढे ढकलतं, कुणी उसनवारी करून शांत घालतं. नुकसान त्यांचं होतं, छापणाऱ्याचं होत नाही.

कुंडलीचीही परीक्षा होऊन गेली आहे, आणि ती पुण्यात झाली. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर यांनी मिळून ती घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या जन्मवेळेवरून कुंडल्या मांडल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि विचारलं, यांतली कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची? सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. नुसतं नाणं उडवून सांगितलं तरी चाळीसपैकी सरासरी वीस बरोबर येतात. सगळ्यांत चांगली कामगिरी चोवीसची होती आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याहूनही खाली गेली. हे 2009 मध्ये ‘करंट सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. एखादं औषध असं नापास झालं असतं तर दुकानातून काढून टाकावं लागलं असतं. इथे काहीच हललं नाही. उलट 2001 पासून विद्यापीठ अनुदान आयोग ज्योतिषाच्या अभ्यासक्रमाला दार उघडून बसलाच होता, आणि 2021 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानं ज्योतिषात एम.ए. सुरू केलं. ज्या राज्यघटनेच्या 51 अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे, त्याच राज्यघटनेखाली, जनतेच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात हे झालं.

आणि शेवटची ओळ. 20 ऑगस्ट 2013, मंगळवार. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारलं. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे. शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक होते, आणि प्रार्थना समाजाला प्रेरणा मिळाली ती बंगालच्या ब्राह्मो समाजाकडून, ज्याचा स्थापनादिवस 20 ऑगस्ट. धर्मात राहून धर्माला प्रश्न विचारण्याची परंपरा 1828 मध्ये एका टोकाला सुरू झाली आणि त्याच तारखेला, त्याच परंपरेतल्या माणसाच्या नावाच्या पुलावर, प्रश्न विचारणाऱ्याला ठार केलं गेलं. चौकटीतल्या दोन ओळींमधला हा धागा कुणी जोडून दाखवत नाही.

तिसरी ओळही जोडा. राजीव गांधींचा जन्मदिवस सरकार सद्भावना दिवस म्हणून पाळतं. सरकारी कचेऱ्यांत कर्मचारी हात पुढे करून शपथ घेतात की जात, धर्म, भाषा, प्रदेश असा भेद न करता वागू आणि आपसातले मतभेद हिंसेशिवाय, संवादानं आणि घटनात्मक मार्गानं सोडवू. मतभेद गोळीनं सोडवला गेला तोही याच तारखेला. त्या शपथेला अर्थ असेल तर शपथ घेणाऱ्या सरकारनं दरवर्षी त्याच दिवशी या खटल्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं होतं. ते कधीच सांगितलं नाही.

मीच सांगतो. तपास आधी पुणे पोलिसांकडे होता, 2014 मध्ये उच्च न्यायालयानं तो सीबीआयकडे दिला. आरोप निश्चित व्हायला 2021 उजाडलं. मधल्या काळात फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, ऑगस्ट 2015 मध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गी आणि सप्टेंबर 2017 मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश या प्रश्न विचारणाऱ्यांचेही खून झाले. 10 मे 2024 ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना पुराव्याअभावी सोडलं. मुख्य सूत्रधार दुसरेच आहेत आणि पोलीस व सीबीआय यांना ते शोधता आले नाहीत, असं न्यायालयानंच निकालात नोंदवलं. म्हणजे ज्यानं हे ठरवलं तो मोकळा आहे. हे वाक्य दरवर्षी 20 ऑगस्टला पहिल्या पानावर मोठ्या टाइपात यायला हवं. त्याऐवजी आपण छापतो, ‘विवेकाचा आवाज हरपला.’

जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकरांनी दीड दशकाहून जास्त काळ अधिवेशनामागून अधिवेशन वाट पाहिली. आश्वासनं मिळाली, मसुदे बदलले, विधेयक मागे पडत राहिलं. खून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळानं अध्यादेश मंजूर केला आणि त्याच डिसेंबरमध्ये कायदा झाला. जी सही एका दिवसात होऊ शकत होती तिच्यासाठी इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर त्या काळात सत्तेत असलेल्या प्रत्येक पक्षाला द्यावं लागेल, आणि असा पक्ष एकच नाही. 2018 पासून देशभरच्या लोकविज्ञान संघटना 20 ऑगस्ट हा वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळतात. त्या त्यांचं काम करत आहेत. आमच्या धंद्याचं काय?

दोन उत्तरं मला हमखास ऐकवली जातात. पहिलं, लोकांना हेच हवं असतं. लोकांना हवं ते देणं हा दुकानदाराचा धर्म झाला, आणि दुकानदारसुद्धा भेसळ विकली तर तुरुंगात जातो. वर्तमानपत्राला समाजात मान मिळतो तो खरं सांगतं म्हणून. तो मान घ्यायचा आणि जबाबदारी आली की दुकानदार व्हायचं, हे चालणार नाही. दुसरं उत्तर, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. नाही. दाभोलकरांनी कुणाच्या देवाला हात लावला नाही. देवाच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीला त्यांनी हात घातला. त्यांच्या लढ्यातून आलेला कायदाही पूजा, वारी, कीर्तन यांना धक्का लावत नाही. तो नरबळी, अघोरी उपचार आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण यांच्याविरुद्ध आहे. वारीला जाणाऱ्या माणसाला राशिभविष्य काढून टाकल्यानं काही कमी पडत नाही. तुकोबांच्या प्रदेशात बुवाबाजीवर कोरडे ओढणं हा धर्मद्रोह ठरत असेल, तर आपल्याला तुकोबाही कळले नाहीत.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. संपादकांनी राशिभविष्य कायमचं बंद करावं, आणि हिंमत नसेल तर निदान 20 ऑगस्टला ती जागा मोकळी करावी. त्या जागेत तीन गोष्टी छापाव्यात : गडचिरोलीसह राज्यातल्या मलेरियाचे त्या वर्षीचे आकडे, दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि लंकेश खटल्यांची त्या दिवशीची स्थिती, आणि आपल्या जिल्ह्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली किती गुन्हे नोंदले गेले, कितींत शिक्षा झाली, याचा तक्ता. ‘जरा हटके’ सदरात चमत्कार छापायचा असेल तर तो कसा झाला हेही त्याच टाइपात, त्याच बातमीत छापावं. उत्तर शोधायला वेळ नसेल तर बातमी थांबवावी. सरकारनं सद्भावनेची शपथ देताना सूत्रधाराच्या तपासाबद्दल काय केलं ते त्याच दिवशी सांगावं. आणि वाचकांनी, हे होत नसेल तर, संपादकाला पत्र लिहावं, पुन्हा लिहावं आणि तरी फरक पडला नाही तर तो अंक बंद करावा. पैसे देऊन आपण स्वतःची फसवणूक विकत घेत असू, तर ती थांबवण्याची पहिली जबाबदारी आपली आहे. जे संपादक एवढंही करणार नाहीत त्यांनी 20 ऑगस्टच्या चौकटीतून दाभोलकरांचं नाव काढून टाकावं. ते नाव वापरण्याचा त्यांना अधिकार नाही.